उतरायचा शब्द

सात वर्षं झाली, मी 'बस' म्हणत नाही. अनिसा चहा ओतायला लागली की मी कपावर हात आडवा धरतो. परळीच्या गाडीला मी एसटी म्हणतो, घरी कुणी आलं की 'टेका, टेका' म्हणतो, आणि वर्ग गप्प करायचा असला तर टेबलावर डस्टर आपटतो. सुरुवातीला अनिसा चिडवायची, आमच्या सरांच्या जिभेला कुलूप लागलंय, तेही एकाच शब्दापुरतं. मग तिला सवय झाली. संसारात माणसाच्या कितीतरी खोडी खपून जातात, त्यात ही एक. पण गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी बार्शी नाक्यावर आमेरच्या फळगाड्याशी उभा होतो, तो पेरू तोलत होता, आणि खिशातला फोन थरथरला. बोलून पाठवलेला निरोप होता, अनोळखी नंबरावरून. कानाला लावला. "सर, मी वर्षाराणी. धारूरकडची. वळखलं का?" आणि नेमक्या त्याच वेळी आमेरनं पिशवी पुढं केली आणि म्हणाला, "बस का, सर?" मी पिशवी घेतलीच नाही. रस्ता ओलांडला आणि समोरच्या चपलांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन टेकलो. आमेर पलीकडून हाका मारत राहिला.

निरोप मी तिथंच तीनदा ऐकला. वर्षाराणी सिरसाळ्यात होती. मुलींच्या एका शाळेत तिला तात्पुरतं लावून घेतलं होतं, खेळाच्या तासाला. अकरा पोरी तिच्याकडं नियमानं येत होत्या. कोलांट्या, चक्री, हातांवर उभं राहणं असं सगळं त्यांना जमायला लागलं होतं, आणि आता मोबाईलवर बघून बघून त्यांनी हट्ट धरला होता की आम्हाला मागची उडी शिकवा. उलटी, हवेतून, हात न टेकता. "मला शिकवायचीय, सर, पण मला भ्या वाटतं. तुमाला तर ठावंच हाय मी किती भित्री ते. तवा तुमी मला पायऱ्या लिवून द्या. पैल्यापासून. एक बी पायरी सुटली न्हाई पायजे." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपली उंची किंवा गाव सांगावं तसं तिनं ते सांगितलं, की मी भित्री आहे आणि तुम्हाला ते ठाऊक आहे. खरं म्हणजे ते मला ठाऊक नव्हतं. ते मी रचलेलं होतं. वर्षाराणी भित्री आहे हे या जगात पहिल्यांदा माझ्या हातानं कागदावर लिहिलं गेलं, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत ते कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मी रईस. बीडच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं पी.टी. शिकवतो, आणि शाळेमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये जिम्नॅस्टिक्स. हॉल म्हणजे आधी गोदाम होतं. गाद्या गादीवाल्याकडून शिवून घेतल्या, आणि उडीचा फळा माझ्या अब्बांनी, हैदर मिस्त्रींनी, जुन्या जीपच्या स्प्रिंगचे पाटे लावून करून दिला. त्या फळ्यावर शिकलेल्या पोरी पुण्याच्या स्पर्धेत खऱ्या फळ्यावर पाय ठेवायच्या आणि तोंड वाकडं करून म्हणायच्या, सर, ह्यो लईच मऊ हाय. वर्षाराणी आली तेव्हा दहा वर्षांची होती. आईबाप ऊसतोडीला, दिवाळी झाली की निघायचे ते उन्हाळ्यातच परतायचे, म्हणून पोर शहरातल्या वसतिगृहात ठेवलेली. तिची आई वत्सलाबाई पहिल्या दिवशी तिला घेऊन आली, हॉलच्या दाराबाहेर चपला काढून उभी राहिली आणि मला म्हणाली की ही झाडावर चढती, छपरावर चढती, पाण्याच्या टाकीवर चढती. हिला चढायचं शिकवू नका गुर्जी, उतरायचं शिकवा. मी हसलो. पण ती बाई न शिकता आमच्या विद्येचं मर्म बोलून गेली होती. लोकांना वाटतं जिम्नॅस्टिक्स म्हणजे उडी. उडी काय, बेडूकही मारतो. आमची सगळी विद्या खाली येण्याची आहे. पहिले तीन महिने मी पोरींना दुसरं काही शिकवतच नसे. लाकडी खोक्यावर चढायचं आणि खाली यायचं: दोन्ही पाय एकदम, गुडघे वाकलेले, हात पुढं, छाती वर, जसं काही मागं कुणी पाट ठेवलाय. आणि पाय जमिनीला लागायच्या आधी, अगदी पापणी लवण्याइतकं आधी, मी म्हणायचो, 'बस.'

मराठी पोरींना तो शब्द सरळ कळायचा. बस म्हणजे बसणं. महिनाभरानं त्या तो कानांनी ऐकणं बंद करायच्या, आणि त्यांचे गुडघे ऐकायला लागायचे. मला त्याचा अभिमान होता. बाहेरून कुणी शिक्षक आला की मी मुद्दाम एखादी पोर खोक्यावर चढवून दाखवायचो. वर्षाराणीला तर बहुतेक वेळा. सांगितलेलं तिच्या डोक्यात शिरायच्या आधी अंगात शिरायचं. विचारात वेळ जात नसे. हजारात एका पोरीला हा गुण असतो असं मी तेव्हा म्हणायचो. आता मी त्याला गुण म्हणायला कचरतो. चार वर्षांत तो शब्द मी तिला किती हजार वेळा म्हटला असेल, आणि एकदाही तिचे पाय चुकले नाहीत. प्रत्येक वेळी उतरली की ती मान वर करून माझ्याकडं बघायची, बरोबर का, आणि मी बोट वर करायचो.

पण माझ्या घरात बस म्हणजे बसणं नव्हे. माझी अम्मी हजराबी ताटावर पळी धरून विचारायची, बस? आणि आम्ही म्हणायचो, बस. अब्बा गाडीखालून ओरडायचे, बस, म्हणजे जॅक आता थांबवा, पुढं एक दातासुद्धा नको. तो बस माझ्या हाडात होता, शाळेतल्या बसच्या कितीतरी आधीपासून. घाबरलो, घाई झाली, काही हातचं निसटायला लागलं की तोंडातून तोच यायचा. एक शब्द मी घरून आणला होता, एक वर्गातून उचलला होता, दोन्ही एकाच तोंडात ठेवले होते, आणि वीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही की ते दोन आहेत. हॉलच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या मुलीचा वाकडा अंगठा मला दिसायचा. स्वतःच्या जिभेवर काय आहे ते दिसलं नाही. शिकवणाऱ्याचं असंच असतं, म्हणून मी स्वतःला समजावायला जातो, आणि मग त्या समजावण्याचीच मला किळस येते.

फेब्रुवारीचा महिना होता, निवड चाचणीला तीन आठवडे होते. त्या वर्षी वर्षाराणीची उंची चार बोटं वाढली होती. मुलगी उंचावली की तिची हवेतली सगळी गणितं बदलतात. तिला पुन्हा खालच्या पायरीवर न्यावं लागतं, खोक्यापासून सुरुवात करावी लागते. मला हे कळत होतं. पण चाचणी जवळ आली होती आणि ती इतकी छान उडत होती. मागची उडी, अंग सरळ, आणि हवेतच एक पूर्ण गिरकी. त्या दुपारी तिनं सहा उड्या मारल्या, सहाही चांगल्या. मी म्हटलं, अजून एक. ती थकली होती, पण माझ्यापुढं नको म्हणायची तिला सवय नव्हती, आणि ती सवय मीच लागू दिली नव्हती. ती धावली, हात टेकले, आणि मला दिसलं की रेघ चुकली. ही गादीच्या डावीकडं, कडेवर जाणार. थांबवायला हवं. आणि माझ्या तोंडून अब्बांचा शब्द गेला. बस! पण तोवर तिनं जमीन सोडली होती. ती हवेत होती, अर्धी गिरकी झाली होती, अर्धी बाकी होती. आणि तिनं ऐकलं. पाय उघडले, गुडघे वाकवले, हात पुढं आणले, छाती वर. उतरण्याची इतकी देखणी बैठक मी पुन्हा पाहिली नाही. फक्त अंग अजून फिरत होतं. एक पाय गादीत रुतला आणि त्याच्यावरून बाकीची सगळी वर्षाराणी फिरून गेली. ती रडली नाही. पडल्या पडल्या मान वर करून तिनं माझ्याकडं बघितलं, तसंच, बरोबर का म्हणून.

गुडघा डॉक्टरांनी जोडला, पण गुडघ्याखालची नस गेली ती गेली. तेव्हापासून तिच्या उजव्या पायाचा पंजा वर उचलला जात नाही. चालताना बोटं घासतात, म्हणून बुटात प्लास्टिकची पट्टी घालावी लागते. मुख्याध्यापकांनी काय घडलं ते लेखी मागितलं. मी दवाखान्याच्या बाकावर टेकून दोन मिनिटांत लिहिलं: 'उडी मारताना विद्यार्थिनी हवेत घाबरली व तिने शरीर वेळेआधी उघडले.' वेळेआधी उघडले हे अगदी खरं होतं. खोटा शब्द एकच होता, आणि तो लिहिताना हात अडखळला नाही. वत्सलाबाई दुसऱ्या दिवशी ट्रकनं, गाडीनं, मिळेल त्यानं कारखान्यावरून पोचल्या. अंगावर उसाच्या पात्यांचे ओरखडे, डोक्याला फडकं तसंच. मी त्यांना तो कागद वाचून दाखवला. त्या खाली बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भ्यालीच आसंल, गुर्जी. माज्याच पोटातलं भ्या हाय ते." आणि त्यांनी मला सांगितलं की वर्षाराणीच्या वेळी सातवा महिना होता तेव्हा उसाच्या फडाजवळ बिबट्या फिरत होता, महिनाभर त्या पाचटाच्या कोपीत पोटावर हात ठेवून जाग्या राहिल्या होत्या, आणि तेच भ्या आत पोरीला लागलं. इतकी वर्षं दबून राहिलं, आता वर आलं. त्यांनी कागदावर अंगठा लावला. शाईचा पॅड मीच धरला होता.

मी स्वतःला कारणं दिली होती, आणि ती खोटीही नव्हती. हॉल बंद झाला असता. लांबलांबच्या खेड्यांतल्या लोकांनी आपल्या पोरी एका मुसलमान मास्तरच्या हवाली केल्या होत्या, तो विश्वास मिळवायला मला वीस वर्षं लागली होती, आणि तो एका दिवसात गेला असता. बाकीच्या पोरींचं काय, असं मी स्वतःला विचारायचो. पण खरं कारण इतकं मोठं नव्हतंच. मला लाज वाटली. एवढंच. चुकीची उडी सांगितली असती तर कबूल केलं असतं, पण चुकीचा शब्द, तोही असा घरगुती, पळीवरचा, हे कुणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडानं? महिन्याभरानं वर्षाराणी गावी गेली. नंतर कानावर आलं की आईनं तिला भ्या काढायला एका दर्ग्यावर नेलं होतं, मोरपिसांचा झाडा घालून घेतला, मग कुठल्याशा देवीला नेलं, गळ्यात काळा दोरा बांधला. मी गेलो नाही. एकदा धारूरला एका लग्नाला गेलो होतो तेव्हाही तिच्या गावाच्या फाट्यावरून गाडी पुढं गेली आणि मी खिडकीतून दुसरीकडं बघत होतो.

त्या निरोपानंतर तीन दिवस मी पायऱ्या लिहीत होतो. लिहिणं माझा प्रांत नव्हे, पण हे मला सुचत गेलं, जणू सात वर्षं आत तयारच होतं. लिहिलं की आधी उतरणं, तीन महिने नुसतं उतरणं, पोरी कंटाळून रडल्या तरी. मग उतारावरून मागची कोलांटी, मग जागेवरून उंच उडी, हात कानांशी, नजर समोरच्या भिंतीवर. मग दोघींनी कमरेला धरून उलटं फिरवायचं, मग उंचावरून मऊ गादीवर, मग धरणारीचा हात नुसता पाठीशी, मग हात नाही. खालची पायरी झोपेतही जमली पाहिजे, तोवर वरची दाखवायचीसुद्धा नाही. नवी उडी तासाच्या सुरुवातीला, अंग ताजं असताना. थकलेल्या पोरीकडून नवं काही घेऊ नये. उंची वाढली की परत खाली. चाचणीची तारीख पोरीच्या अंगाला कळत नाही, ती तुला कळते, म्हणून ती तुझ्याजवळच ठेव. आणि पोरगी नको म्हणाली तर त्या दिवशी नको, का म्हणून विचारायचं नाही. सहा पानं झाली. सातव्या पानावर लिहिलं, 'एका क्रियेला एकच शब्द ठेवावा, आणि तो शब्द घरात वापरात नसलेला असावा', आणि त्या ओळीपुढं माझा हात चालेना. कारण आता तिथं 'कारण' असं लिहायला हवं होतं. अनिसा मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, इतक्या वर्षांत मला पत्र नाही लिहिलंत कधी, कुणाला लिहिताय एवढं? मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ती समोर पाटावर टेकली आणि लिहिलेली पानं एकेक करून वाचली. मग एवढंच म्हणाली की कागद पोस्टानं जाईल, पण तुम्ही गेलं पाहिजे.

मी शुक्रवारी निघालो, वडवणी, तेलगाव करत दुपारच्या आत सिरसाळ्यात उतरलो. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य मीपासून सुरू होत होतं. मला असं झालं, मला तसं वाटलं, मला झोप लागत नाही. ठरवलं होतं की वर्षाराणीला सांगायचं, मग तिच्याबरोबर गावी जायचं आणि वत्सलाबाईंनाही समोरासमोर सांगायचं. शाळा धान्याच्या मोंढ्याच्या पलीकडं होती. मागच्या मैदानात लिंबाखाली ताडपत्री, त्याच्यावर जुन्या गाद्या, आणि अकरा पोरी रांगेत. वर्षाराणी पाठमोरी होती. एकविसाव्या वर्षीही पाठ तशीच, सरळ. फक्त उभं राहताना वजन सगळं डाव्या पायावर. ती खोक्यावरून एकेकीला उतरवत होती आणि मला बरं वाटलं, की म्हणजे उतरणं विसरली नाही. मग तिनं टाळी वाजवली आणि पोरींना विचारलं, "भ्यालं तर?" आणि अकराच्या अकरा एका सुरात म्हणाल्या, "पडलं!" रोजचा पाढा असावा तसं. पुढं तिनं आपला पाय थोडा पुढं केला, पट्टीचा, आणि म्हणाली, बघा, मी भ्याले म्हणून हा गेला. उडी चुकली तर चालंल, पण भिऊ नका. पोरी गंभीर तोंडानं त्या पायाकडं बघत होत्या. मी लिंबाच्या बुंध्याला धरून उभा राहिलो. माझी दवाखान्याच्या बाकावरची ओळ इथं पोरींना शिकवली जात होती.

तिनं मला बघितलं आणि इतकी हसली की मला परत फिरावंसं वाटलं. पोरींना तिनं चक्रीचा सराव लावून दिला, माझ्यासाठी ओट्यावर सतरंजी टाकली, पाणी आणलं. मी पानं तिच्या हातात दिली. ती उभ्या उभ्याच वाचायला लागली, मान हलवत, मध्येच 'व्हय, व्हय' करत. मी म्हटलं, आधी ऐक. आणि जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"वर्षा, तू त्या दिवशी घाबरली नव्हतीस."

ती पानावरून मान वर करेना. मग मी सगळं सांगितलं. पळीवरचा बस, जॅकचा बस, आणि तो, जो मी तिला शिकवला होता. रेघ चुकताना दिसली ते, थांब म्हणायला गेलो ते, आणि कागदावर काय लिहिलं ते. सांगताना मी पोरींकडं बघत होतो. मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली, अगदी हळू, गणित पडताळावं तसं.

"तुमी थांब म्हणलतात?"

"हो."

"अन मी बसले."

"हो."

"नीट बसले व्हते का, सर?"

मी बोट वर केलं. मग म्हणालो की त्याच्याहून नीट मी कुणाला बघितलं नाही.

ती ओट्यावर माझ्यापासून हातभर अंतरावर टेकली. पट्टीचा पाय तिनं दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. "मंग मी भ्याले कवा?" ती मला विचारत नव्हती, पण मी म्हटलं, कधीच नाही. मग ती सांगायला लागली, माझ्याकडं न बघता, की बस ऐकल्याचं तिला आठवत होतं, पण ते भ्यानंच कानात वाजलं असं तिनं धरलं होतं; की नर्सचा कोर्स तिनं आठव्या दिवशी सोडला, कारण सुई हातात घेतली की वाटायचं, मी भिणारी हाय, माझ्या हातून कुणीतरी मरंल. स्टेजवर बक्षीस घ्यायला बोलावलं तर गेली नाही. मामानं स्कुटी शिकवायला काढली तर नको म्हणाली. विहिरीत पवायची, तेही सोडलं. सात वर्षं तिनं स्वतःच्या एकेका गोष्टीवर फुली मारली होती, आणि प्रत्येक फुलीला माझ्या त्या एका ओळीचा आधार होता. मी पायाची फार चिंता केली होती. पाय तर त्यातली सगळ्यांत लहान गोष्ट होती. मी माफ कर म्हणालो. ते तिच्यापर्यंत पोचलंसं वाटलं नाही; तिला माझ्या माफीचं काही करायचं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, गावी चल, मी वत्सलाबाईंनाही माझ्या तोंडानं सांगतो.

"आई न्हाई, सर. दोन वर्सं झाली. कारखान्यावरच गेली, तापात."

मला कुणी कळवलं नव्हतं. का कळवावं, मी कोण होतो? ती म्हणाली की जायच्या आठ दिवस आधी आईचा फोन आला होता, मुकादमाच्या मोबाईलवरून. दर फोनला एकच विचारायची. "भ्या गेलं का गं, म्हणायची. मी म्हणलं, न्हाई गेलं. ती म्हणली, माजंच पाप हाय बाई, मी तवा भ्याया न्हवतं पायजे." वर्षाराणीचा आवाज इथंवर स्थिर होता. "सात म्हयन्याची पोटुशी बाई, सर, कोपीच्या भाईर बिबट्या. तिनं भ्यायाचं बी न्हाई का?" मग ती रडली. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. पलीकडं पोरींच्या चक्र्या थांबल्या. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. उडताना मी तिला हजारदा धरलं होतं. आता तिला कुठं धरायचं ते मला कळलं नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, लिहून द्या. मी विचारलं, कुणाला दाखवायचं आहे, मुख्याध्यापकांना? ती हो म्हणाली असती तर मी बीडला जाऊन सगळ्या शाळेपुढं वाचलं असतं. "न्हाई. आईला लिवा." मी खिशातून पेन काढलं. "तिला काय म्हणायचात तुमी?" मी म्हटलं, वत्सलाबाई. "मंग तसंच लिवा." तिनं वहीतलं पान फाडून दिलं. मी ओट्यावर ठेवून लिहायला लागलो आणि चार ओळींना मला अर्धा तास लागला. पोरी एव्हाना भोवती जमल्या होत्या, आपल्या बाई रडल्या म्हणून घाबरून. वर्षाराणीनं कागद हातात घेतला, पोरींकडं वळली, वाचायला तोंड उघडलं, आणि 'वत्सलाबाई' या पहिल्याच शब्दाला ती थांबली. तिनं दोनदा करून बघितलं, जमलं नाही. मग तिनं कागद समोरच्या एका चिमुरडीला दिला. शाईस्ता तिचं नाव, पाचवीतली. शाईस्तानं कागद दोन्ही हातांत धरला, जोडाक्षरांना थांबत, बोट ठेवत, शाळेच्या वाचनाच्या सुरात वाचलं.

"वत्सलाबाई, वर्षाराणी घाबरली नव्हती. मी चुकीचा शब्द म्हणालो आणि तिने तो पाळला. भीती तिच्यात नव्हती, तुमच्या पोटातून आली नव्हती. तुमच्यापुढे मी खोटे वाचले."

शाईस्तानं मान वर करून आपल्या बाईंकडं बघितलं.

"परत वाच," वर्षाराणी म्हणाली.

आणि शाईस्तानं पहिल्यापासून परत वाचायला सुरुवात केली.